सॉफ्टवेअर-अंदाज व कायदेशीर दायित्व
सॉफ्टवेअर तयार करण्यास लागणारा काळ, श्रम व खर्च यांविषयी कंत्राटदाराने आगाऊ केलेल्या विधानांतून उद्भवणारी जबाबदारी. अंदाज म्हणजे वचन नव्हे. तथापि त्यावर विसंबून ग्राहकाने करार केल्यास अंदाज करणाऱ्यावर दायित्व येऊ शकते.

पारंपरिक पद्धतीत गरजा प्रथम निश्चित करून काम सुरू होते. ॲजाइल पद्धतीत काम काही आठवड्यांच्या टप्प्यांत विभागतात व प्रत्येक टप्प्यानंतर गरजांचा क्रम बदलू शकतो. २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात १७ तज्ञांनी सिद्ध केलेल्या या पद्धतीच्या जाहीरनाम्यात कराराच्या वाटाघाटींपेक्षा ग्राहकाच्या सहकार्यास अधिक महत्त्व दिले आहे. साहजिकच प्रारंभीचा अंदाज सैल असतो. परंतु करारात ठराविक किंमत व मुदत नमूद असल्यास ती बंधनकारक ठरते.

ब्रिटिश स्काय ब्रॉडकास्टिंग विरुद्ध ईडीएस हा इंग्लंडमधील २०१० चा निवाडा अंदाजाच्या बाबतीत उद्‌बोधक आहे. ग्राहकसेवा-प्रणालीचे काम मिळविताना ईडीएसने आपण मुदतीचा योग्य अभ्यास केल्याचे भासविले होते. तसा अभ्यास झालाच नव्हता, असे न्यायालयास आढळले. करारातील ३ कोटी पौंडांची दायित्वमर्यादा कपटास लागू पडली नाही व अखेर ३१.८ कोटी पौंडांवर तडजोड झाली. अंदाज चुकणे हा येथे दोष नव्हता. अभ्यासाविना तो खात्रीपूर्वक सांगणे हा होता.

भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम १८ नुसार, जवळच्या माहितीचा आधार नसलेले असत्य विधान ठामपणे केल्यास, ते करणाऱ्यास खरे वाटत असले तरी, चुकीचे निवेदन ठरते. अशा निवेदनामुळे झालेला करार दुसऱ्या पक्षास सामान्यतः रद्द करता येतो (कलम १९). करारभंगाची भरपाई कलम ७३ खाली मिळते. करारात भरपाईची रक्कम ठरलेली असल्यास कलम ७४ नुसार ती कमाल मर्यादा असते.

धोका कमी करण्यासाठी अंदाज किमान व कमाल अशा दोन मर्यादांत देतात, त्यामागील गृहीतके लेखी नोंदवितात आणि प्रत्येक टप्प्यानंतरच्या फेरअंदाजास उभयपक्षी मान्यता घेतात. केवळ लागलेल्या वेळेनुसार मोबदला ठरविल्यास खर्चवाढीचा भार ग्राहकावर पडतो. म्हणून खर्चाची कमाल मर्यादा व टप्प्याअखेरीस करार संपविण्याची मुभा यांचीही तरतूद करणे इष्ट ठरते. वाद उद्भवल्यास, अंदाज कोणत्या माहितीवर केला होता हे दर्शविणारी तत्कालीन नोंद हाच महत्त्वाचा पुरावा असतो.