अभ्यासाचा डोस वाढवण्यापूर्वी

गेल्या पावसाळ्यात सत्तावीस वर्षांची एक मुलगी आईबरोबर माझ्या होटगीच्या दवाखान्यात आली. तक्रारी तीन होत्या. डोके दुखते, छातीत धडधडते आणि रात्री दोन-तीनपर्यंत झोप लागत नाही. तपासले. रक्तदाब ठीक, नाडी जरा जलद, हिमोग्लोबिन साडेदहा. चहा किती होतो म्हणून विचारले तर सहा-सात कप. "झोपेसाठी काही घेतेस का?" या प्रश्नावर ती क्षणभर थांबली आणि पर्समधून अल्प्राझोलामची पट्टी काढून टेबलावर ठेवली. पट्टीत चार गोळ्या उरल्या होत्या. मुलगी स्वतः परिचारिका, सोलापुरात एका खाजगी रुग्णालयात नोकरीला. त्यामुळे गोळीचे नाव, मात्रा, दुष्परिणाम हे सारे तिला तोंडपाठ होते. तरीही ती महिनाभर घेत होती.

"अमेरिकेच्या परीक्षेत नापास झाली हो डॉक्टर," आई म्हणाली. "तेव्हापासून ड्युटीवरून आली की पुस्तक घेऊन बसते. जेवायलाही उठत नाही."

ही अमेरिकेची परीक्षा म्हणजे काय, हे पुष्कळ वाचकांना ठाऊक नसेल. आपल्याकडे मुलगी जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंगची शेवटची परीक्षा उत्तीर्ण झाली की मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवते आणि कामाला लागते. परवान्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. अमेरिकेत मात्र पदवी असली तरी 'एनक्लेक्स' नावाची परीक्षा द्यावीच लागते. २०१५ पासून कॅनडानेही बहुतेक प्रांतांत तीच परीक्षा स्वीकारली. आपल्या मुलींना ती मुंबई, हैदराबाद, बंगळूर अशा केंद्रांवर देता येते. नोंदणीचे २०० डॉलर आणि परदेशातील केंद्राचे आणखी १५० डॉलर, म्हणजे प्रत्येक खेपेला रुपयांत चांगलीच रक्कम जाते. या मुलीच्या वडिलांनी त्यासाठी आणि कागदपत्रांसाठी पतपेढीचे कर्ज काढले होते. धाकट्या भावाचे शिक्षण व्हायचे होते आणि तिच्या लग्नाचे बोलणे याच निकालावर अडले होते. छातीत धडधडायला आणखी कोणते कारण हवे?

पुढे काय ठरवले आहेस, असे मी विचारले. "आता दुप्पट अभ्यास करणार. तीच पुस्तके पहिल्या पानापासून परत वाचून काढणार," ती म्हणाली.

मी तिला म्हटले, "अगं, ताप उतरला नाही म्हणून आम्ही तेच औषध दुप्पट देतो का? आधी हिवताप आहे की टायफॉइड ते बघतो. तू नापास का झालीस, याचे निदान केलेस का?"

हे मी अनुभवाने सांगत होतो. दुसऱ्या एमबीबीएसला मी औषधशास्त्रात नापास झालो होतो. पुस्तक तीनदा वाचले होते. लाल, निळ्या, हिरव्या पेन्सिलींनी इतक्या रेघा मारल्या होत्या की कोरी ओळ शोधावी लागे. एका सीनियरने पुस्तक मिटून बाजूला ठेवले आणि विचारले, "डिगॉक्सिनची विषबाधा कशी ओळखशील?" ते पान डोळ्यांसमोर दिसत होते, कोपऱ्यातला चहाचा डागसुद्धा दिसत होता, मजकूर मात्र आठवेना. ओळखीचे वाटणे आणि आठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी कळले.

पुढे या विषयावर शास्त्रीय प्रयोगही झाले. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत वाचत राहावा. दुसऱ्या गटाने पहिल्या सत्रात वाचावा आणि पुढच्या तिन्ही सत्रांत न बघता आठवून लिहावा. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा सारखे वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र उलटे झाले. नुसते वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. गंमत अशी की आपल्याला जास्त आठवेल असा भरवसा वाचणाऱ्यांनाच अधिक होता. २०१३ मध्ये डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांदिवसांवर विभागणे या दोन पद्धती सर्वांत उपयुक्त ठरल्या. रेघा मारणे आणि पुन्हापुन्हा वाचणे यांचा क्रम खाली लागला. आपल्या घराघरांत नेमक्या याच दोन पद्धतींना अभ्यास म्हणतात.

पण चाचणी कशाची घ्यायची? येथे निदान लागते. या परीक्षेत नापास होणाऱ्याला एक अहवाल मिळतो. संसर्ग-प्रतिबंध, औषधे, मानसिक आरोग्य अशा आठ भागांपैकी प्रत्येकात तुम्ही उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर होता, जवळ होता की खाली होता, ते त्यात दिलेले असते. या मुलीने अहवाल उघडून 'नापास' एवढेच वाचले आणि मिटून ठेवला. दुसऱ्या दिवशी मी तो आणायला सांगितला. तिला १५० प्रश्न आले होते. ही परीक्षा संगणकावर होते. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न अवघड येतो, चुकले की सोपा. कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ पाच तास. उमेदवार रेषेच्या वर आहे की खाली, याची संगणकाला खात्री पटली की तो थांबतो. १५० पर्यंत तो थांबला नाही, याचा अर्थ पोरगी शेवटपर्यंत उंबरठ्यावर होती. आठपैकी पाच भागांत 'जवळ' असेच लिहिले होते. हे समजावून सांगितले तेव्हा ती पहिल्यांदा खुर्चीत नीट टेकून बसली.

मग मी तिला शंभर प्रश्न सोडवून आणायला सांगितले. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे तीनपैकी एक खूण करायची. माहितीच नव्हती, प्रश्न चुकीचा वाचला, की माहिती असूनही चुकीचे निवडले. चार दिवसांनी वही आली. माहितीच नव्हती, अशा खुणा मोजक्याच होत्या. म्हणजे ज्या रोगासाठी ती सारी पुस्तके पुन्हा वाचणार होती, तो रोग तिला जवळजवळ नव्हताच.

तिसऱ्या प्रकारच्या चुकीचा नमुना सांगतो. वॉर्डात चार रुग्ण आहेत. एकाचे काल हर्नियाचे ऑपरेशन झाले, जखम दुखते आहे. दुसरा मधुमेही, जेवणापूर्वीची साखर १८०. तिसऱ्याच्या पायाला सकाळी प्लास्टर घातले, बोटे गार पडली आहेत आणि मुंग्या येतात. चौथ्याला न्यूमोनिया, ताप १०१. आधी कोणाकडे जाल? तिने तापवाला निवडला. बरोबर उत्तर तिसरा. प्लास्टरखाली रक्तपुरवठा दबत असेल तर काही तासांत पाय गमवावा लागू शकतो. या विकाराची लक्षणे विचारली तर तिने एका दमात म्हणून दाखवली. आपल्याकडे परीक्षेत लक्षणे लिहा असे विचारतात, आणि ती लिहिण्यात ही मुलगी हुशार होती. समोरच्या चौघांतून एक निवडण्याचा सराव तिला कोणी दिला नव्हता. यावर पाठांतराचा उपयोग नाही. प्रत्येक प्रश्नानंतर उरलेले तीन पर्याय का नाहीत, हे एकेका ओळीत लिहायचे. दिवसाला दोनशे प्रश्न उरकण्यापेक्षा असे तीस प्रश्न पुरेत.

प्रश्न चुकीचा वाचण्याचे कारण भाषेत होते. आमच्या भागात हे नवीन नाही. हिच्या घरात कानडी, शाळा मराठी आणि नर्सिंग इंग्रजीतून. रुग्णाच्या कोणत्या बोलण्यावरून त्याला अजून समजावण्याची गरज दिसते, असा प्रश्न आला की अपेक्षित उत्तर असते रुग्णाचे चुकीचे वाक्य. ही घाईत बरोबर वाक्यावर खूण करी. मी सांगितले, पर्याय हाताने झाक, प्रश्न आधी स्वतःच्या भाषेत म्हण आणि मगच हात काढ. पहिला आठवडा तिला वेळ जास्त लागला. नंतर सवय झाली.

औषधांच्या नावांचीही अडचण होती. वॉर्डात आपण क्रोसिन आणि लॅसिक्स म्हणतो. तिथे मूळ नाव असते आणि तेही अमेरिकन. आपले पॅरासिटामॉल तिथे अ‍ॅसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल अल्ब्युटेरॉल, अ‍ॅड्रिनॅलिन एपिनेफ्रिन, पेथिडिन मेपेरिडिन. ही एकच गोष्ट पाठ करण्याची होती. त्यासाठी चिठ्ठ्या केल्या, पुढे आपले नाव आणि मागे त्यांचे. चुकलेली चिठ्ठी दुसऱ्या दिवशी पुन्हा, बरोबर आलेली तीन दिवसांनी, मग आठवड्याने. शिवाय तिकडची कामाची वाटणी निराळी असते. रुग्णाला पुसून घेणे, चालवणे ही कामे मदतनीसाला सांगता येतात. तपासून अंदाज घेणे आणि रुग्णाला समजावणे ही नोंदणीकृत परिचारिकेनेच करायची. आपल्याकडे निम्मे काम नातेवाईक करतात. त्यामुळे हे प्रश्न आपल्या अनुभवाने सोडवायला गेले की हमखास चुकतात.

तिने क्लासबद्दल विचारले. माझे मत विचाराल तर, जो क्लास चुकलेल्या उत्तरावर तुमच्याशी बोलतो तो घ्यावा. नुसता बोलून दाखवतो त्याचे पैसे वाचवावेत. मोबाइलवर व्याख्याने ऐकत पडून राहणे हे वाचण्याहूनही आळशी काम आहे. आणि परीक्षेत आलेले प्रश्न म्हणून जे फिरतात त्यांच्या वाटेला जाऊ नये. प्रश्न बाहेर न सांगण्याची अट उमेदवाराने मान्य केलेली असते आणि ती मोडल्यास निकाल रद्द होऊ शकतो.

आता माझ्या खात्यातले. अल्प्राझोलाम डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे. तरी ती मिळते, हे आपण सारे जाणतो. या जातीच्या गोळ्या गुंगी आणतात, सवय लावतात आणि नवीन गोष्ट स्मरणात रुजण्यातच अडथळा आणतात. अभ्यास करून ही गोळी घेणे म्हणजे पेरणी करून वर नांगर फिरवणे. मात्र महिनाभर रोज घेतलेली गोळी एकदम बंद करू नये, त्रास होतो. मी ती टप्प्याटप्प्याने उतरवली. चहा दोन कपांवर आणला, तोही दुपारी तीनपूर्वी आणि जेवणाबरोबर नाही, कारण चहामुळे अन्नातील लोह नीट शोषले जात नाही. लोहाच्या गोळ्या दिल्या. दिवसा वाचलेले मेंदू झोपेत पक्के करतो, म्हणून सात तासांची झोप हा अभ्यासाचाच भाग धरायला सांगितले. रात्रपाळीच्या आठवड्यात नवीन विषय घ्यायचा नाही, फक्त चिठ्ठ्या आणि दहा प्रश्न. तिच्या आईने बदाम आणि ब्राह्मीचे विचारले. बदाम द्या, पण त्याआधी पोटभर भाकरी-आमटी द्या, असे मी म्हटले.

पहिल्या खेपेला ती सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईत उतरली होती आणि तशीच, एका वडापाववर, पाच तासांच्या परीक्षेला बसली होती! दुसऱ्या वेळी दोन दिवस आधी मामाकडे जायचे ठरले.

घरच्यांना एक गोष्ट बजावली. "कर्जाचे काय" हा प्रश्न चार महिने विचारायचा नाही. पहिल्यांदा बसणाऱ्या परदेशी परिचारिकांपैकी सुमारे निम्म्या या परीक्षेत अडकतात, आणि दुसऱ्यांदा बसणाऱ्यांचे यश त्याहून कमी आहे. हे मी तिच्यापासून लपवले नाही. तीच पद्धत घेऊन परत बसले तर तसे होणारच. नियमाने ४५ दिवसांनी पुन्हा बसता येते, पण बसलेच पाहिजे असे नाही. आणि या काळात मूल जेवणखाण सोडून गप्प राहू लागले, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर अभ्यास बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडे आणावे. १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, मराठीतही.

परीक्षा गेल्या महिन्यात झाली. निकाल अजून यायचा आहे. परवा ती आईचा रक्तदाब दाखवायला आली होती. हिमोग्लोबिन पावणेबारा झाले आहे आणि झोपेच्या गोळ्या सुटल्या आहेत. आईला तपासत होतो तेवढ्यात बाहेर प्लास्टर घातलेला एक मुलगा वडिलांच्या कडेवर आला. मी उठण्यापूर्वीच तिने त्याची बोटे दाबून पाहिली आणि आत येऊन म्हणाली, "डॉक्टर, बोटे गरम आहेत. आईचे होऊ द्या आधी."