विश्लेषण : तीन मिनिटांच्या घरगुती चित्रफितीतून ज्यूंचे हरवलेले गाव कसे सापडले?

कॅमेऱ्यासमोर येण्यासाठी एकमेकांना ढकलणारी मुले, प्रार्थनागृहाच्या दारातून बाहेर पडणारी गर्दी, मागे उभे राहून कुतूहलाने पाहणारी मोठी माणसे. पोलंडमधील नाशेल्स्क गावाची ही मूक चित्रफीत तीन मिनिटांपेक्षा थोडीच मोठी आहे. ती ऑगस्ट १९३८ मध्ये टिपली गेली. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. गावात तेव्हा सुमारे तीन हजार ज्यू राहत होते. महायुद्ध संपले तेव्हा त्यांतले शंभर जणही उरले नव्हते.

डच दिग्दर्शिका बियांका स्टिग्टर यांनी याच चित्रफितीवर ‘थ्री मिनिट्स : अ लेन्दनिंग’ हा ६९ मिनिटांचा माहितीपट केला. २०२१ मध्ये तो व्हेनिस महोत्सवात दाखवला गेला. त्यात पडद्यावर दिसते ते सारे याच तीन मिनिटांतले. तीच दृश्ये थांबवून, मोठी करून, उलटी फिरवून पुन:पुन्हा दाखवली आहेत. ऐकायला कंटाळवाणे वाटते, पण पाहताना तसे होत नाही.

चित्रफीत कोणी काढली?

डेव्हिड कर्ट्झ यांचा जन्म नाशेल्स्कचा. लहानपणीच ते अमेरिकेला गेले आणि तिथलेच झाले. १९३८ च्या उन्हाळ्यात पत्नीसह युरोपच्या सहलीवर असताना ते जन्मगावी डोकावले. सोबत १६ मिलिमीटरचा कॅमेरा होता. इतिहास टिपतोय, असे त्यांच्या मनातही नसणार. आपण लग्नकार्यात मोबाइलवर व्हिडीओ काढतो, तशीच ही हौस.

त्यांचे नातू, लेखक ग्लेन कर्ट्झ यांना २००९ मध्ये फ्लोरिडातील आईवडिलांच्या घरी ही फिल्म सापडली. तोवर रीळ आक्रसून एकमेकांना चिकटले होते. जुन्या फिल्मची पट्टी सेल्युलोज ॲसिटेटची असते. उष्णता आणि दमटपणामुळे तिचे विघटन होते, त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते आणि डब्याला व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो. ते आम्ल विघटनाचा वेग आणखी वाढवते. कर्ट्झ यांनी फिल्म वॉशिंग्टनमधील अमेरिकन होलोकॉस्ट स्मृती संग्रहालयाकडे सोपवली. तिथे तिचे जतन आणि डिजिटल रूपांतर झाले.

माणसे कशी ओळखली?

हे आजीचे गाव असावे, असा कर्ट्झ यांचा सुरुवातीचा अंदाज होता. तो चुकला. गाव आजोबांचे निघाले. संग्रहालयाने फिल्म इंटरनेटवर ठेवली आणि अमेरिकेतल्या एका तरुणीला त्यात एक ओळखीचा चेहरा दिसला. तो १३ वर्षांचा मुलगा म्हणजे तिचे आजोबा होते. ते हयात होते आणि त्यांची स्मरणशक्ती शाबूत होती. त्यांनी इतरांची नावे सांगितली, गावातल्या गोष्टी सांगितल्या.

बाकीचे काम गुप्तहेराच्या चिकाटीने झाले. किराणा दुकानाच्या पाटीवरची पुसट अक्षरे जुळवत मालकिणीच्या आडनावापर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न झाला. झाडांच्या पानांवरून जात शोधली गेली. अंगावरच्या कपड्यांची बटणे तपासली, कारण गावात बटणांचा कारखाना होता. तरीही दीडशेच्या आसपास चेहऱ्यांपैकी नावे मिळाली ती मोजक्यांनाच.

३ डिसेंबर १९३९ रोजी नाझींनी इथल्या ज्यूंना गावातून हाकलले. पुढे त्यांतल्या बहुतेकांचा शेवट त्रेब्लिंका छळछावणीत झाला. त्या दिवसाचे एकही चित्र माहितीपटात नाही. गावचा चौक पडद्यावर हळूहळू मोठा होत धूसर होत जातो आणि प्रत्यक्षदर्शीची साक्ष ऐकू येते, एवढेच.

मग दृश्य म्हणजे पुरावा का?

कॅमेरा कोणाच्या हातात होता, यावर ते ठरते. याएल हर्सोन्स्की यांचा ‘अ फिल्म अनफिनिश्ड’ (२०१०) हा माहितीपट याच प्रश्नावर आहे. मे १९४२ मध्ये नाझींच्या पथकाने वॉर्सा घेट्टोत, म्हणजे भिंतींआड ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, चित्रीकरण केले. सुमारे तासाभराची ही अर्धवट, मूक फिल्म युद्धानंतर पूर्व जर्मनीत सापडली. तिच्यातली दृश्ये अनेक माहितीपटांत अस्सल म्हणून वापरली गेली. एकीकडे भुकेने मरणारी मुले आणि दुसरीकडे हॉटेलात मेजवान्या झोडणारे ‘श्रीमंत ज्यू’, अशी ती दृश्ये.

१९९८ मध्ये आणखी एक रीळ हाती लागले. त्यात वगळलेले तुकडे होते. एकच प्रसंग पुन:पुन्हा केला जातोय आणि मध्येच दुसरा कॅमेरामन चौकटीत येतोय, असे त्यात दिसते. मेजवान्या बनावट होत्या. घेट्टोच्या ज्यू मंडळाचे प्रमुख अॅडम चेर्न्याकुव यांच्या रोजनिशीतही या सक्तीच्या चित्रीकरणाच्या नोंदी आहेत. भूक मात्र खरी होती, आणि खऱ्या-खोट्याची हीच सरमिसळ ती फिल्म घातक बनवते. चित्रीकरणानंतर काही आठवड्यांतच, २२ जुलैपासून, घेट्टोतल्या लोकांना त्रेब्लिंकाला पाठवणे सुरू झाले. दुसऱ्याच दिवशी चेर्न्याकुव यांनी आत्महत्या केली.

जुनी दृश्ये पूर्ण टाळली तर?

फ्रेंच दिग्दर्शक क्लोद लान्झमान यांनी तेच केले. ‘शोआ’ (१९८५) हा त्यांचा माहितीपट साडेनऊ तासांच्या आसपास चालतो, पण त्यात युद्धकाळातली एकही चित्रफीत नाही. वाचलेले ज्यू, छावण्यांशेजारचे गावकरी आणि छुप्या कॅमेऱ्याने टिपलेले माजी नाझी अधिकारी फक्त बोलतात. त्रेब्लिंकात कैद्यांचे केस कापावे लागलेला एक न्हावी केशकर्तनालयात कात्री चालवत बोलत असतो आणि मध्येच गप्प होतो. लान्झमान कॅमेरा बंद करत नाहीत. साक्षीदाराला इतके ताणावे का, यावर आजही मतभेद आहेत.

२०२३ मध्ये ‘शोआ’चा समावेश युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत झाला. चित्रपटात न वापरलेले त्याचे दोनशेहून अधिक तासांचे चित्रीकरण वॉशिंग्टनच्या त्याच संग्रहालयात आहे. नाशेल्स्कची तीन मिनिटेही तिथेच आहेत.