साळुंकीसाठी सापळा

शाळेच्या मैदानावर तुरुतुरु चालणारी साळुंकी आपल्या इतक्या ओळखीची आहे, की तिला कोणी उपद्रवी म्हणेल हे पटत नाही. ऑस्ट्रेलियात मात्र शेतकरी तिला पिंजऱ्यात पकडून मारतात. ती तिथे आपणहून गेलेली नाही. किडे खाईल या आशेने माणसानेच तिला १८६२ मध्ये मेलबर्नला आणि १८८३ मध्ये क्वीन्सलँडच्या उसाच्या मळ्यांत सोडले.

किडे तिने खाल्ले, पण फळे आणि गुरांचे खाद्यही खाल्ले. खरा तंटा आहे तो ढोलीचा. निलगिरीच्या झाडाला मोठी ढोली पडायला शंभराहून अधिक वर्षे लागतात. तिथल्या रोझेला पोपटांना घरट्यासाठी ढोलीच लागते आणि साळुंकी ती बळकावते.

सापळा तिच्या सवयींवर बेतलेला असतो. ती जमिनीवर चालत खाते, म्हणून खालच्या कप्प्याचे दार जमिनीलगत. आमिष म्हणून कुत्र्याचे कोरडे खाद्य. पक्षी घाबरला की वर, उजेडाकडे झेपावतो. तिथे एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपेतून तो वरच्या कप्प्यात जातो. तिथे सावली, पाणी, खाणे ठेवावेच लागते, कारण आतल्या साळुंकीला पाहून बाहेरच्या येतात. जोडीदाराला पकडताना पाहिलेल्या साळुंक्या मात्र त्या जागेला बिचकू लागतात. इतकी हुशारी!

विषापेक्षा पिंजरा बरा, कारण चुकून सापडलेला पक्षी जिवंत सोडता येतो. तिथे ‘नॉइझी मायनर’ नावाचा करडा, पिवळ्या चोचीचा देशी पक्षी आहे. नाव मैनेसारखे, पण नाते काही नाही. पकडलेल्या साळुंकीला मारायचे तेही वेदना न देता, असा तिथला दंडक आहे.

एवढे करून साळुंक्या संपतात का? सेशल्समधील फ्रेगेट आणि डेनिस या छोट्या बेटांवरून त्यांचे पूर्ण उच्चाटन झाले. खंडावर तसे होत नाही. चार पक्षी काढले, की उरलेल्यांना अन्न आणि जागा जास्त मिळते, शिवाय शेजारून नवे येतात. कॅनबेरात २००६ पासून नागरिकांनी हजारो साळुंक्या पकडल्या. जिथे नेटाने पकडल्या तिथे संख्या घटली, पण साऱ्या परिसराचा हिशेब तसा लागला नाही. म्हणूनच पिंजऱ्याच्या जोडीला गुरांचे खाद्य झाकणे, छपराखालची भोके बुजवणे आणि ढोल्यांची जुनी झाडे न तोडणे ही कामेही शेतकऱ्याला करावी लागतात.