बापूंच्या पेट्रोललाही नकार!

धंद्यात विश्वास कसा कमवायचा, गुंता कसा सोडवायचा, हे शिकवायला मोठ्या शहरांत महागडी शिबिरं भरतात. वर्धा जिल्ह्यात मात्र याचे अस्सल किस्से गावोगाव सापडतात. इथल्या माणसांनी नियम आधी स्वतःला आणि आपल्या माणसांना लावला, म्हणून लोकांनी त्यांच्या हाती पैसा सोपवला.

सर्वांत भारी किस्सा जे. सी. कुमारप्पांचा. लंडनमध्ये हिशेबाचं शास्त्र शिकून आलेला हा माणूस. जानेवारी १९३४ मध्ये बिहारमध्ये भूकंप झाला आणि मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे आला. पैसा देशभरातून येणारा, खर्चाला फाटे हजार. कुमारप्पांनी कार्यकर्त्यांच्या रोजच्या खर्चाला मोजक्या आण्यांचं कुंपण घातलं. तेवढ्यात खुद्द गांधीजी मंडळींसह दौऱ्यावर आले. त्यांचा खर्च, अगदी मोटारीचं पेट्रोलसुद्धा, या निधीतून मिळणार नाही, असं कुमारप्पांनी गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाईंना स्पष्ट सांगितलं! त्याच वर्षाच्या अखेरीस वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा गांधीजींनी त्याची सूत्रं नेमकी याच माणसाच्या हाती दिली. असा हिशेबनीस मिळणं हे कुठल्याही संस्थेचं भाग्यच!

संघाला मगनवाडीची जागा दिली जमनालाल बजाज यांनी. जन्म राजस्थानातला, पण वर्ध्याच्या बच्छराज शेठनी त्यांना नातू म्हणून दत्तक घेतलेलं. सतराव्या वर्षी आजोबांशी खटका उडाला, तेव्हा या पोराने ‘तुमची इस्टेट मला नको’ असं लिहून दिलं आणि घर सोडलं. आजोबांनी समजूत काढून परत आणलं. पुढे इस्टेट आलीच, पण तिच्याकडे त्यांनी विश्वस्त म्हणूनच पाहिलं. १९२८ च्या जुलैमध्ये घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी दलितांसाठी खुलं केलं. पेढीचा मालक समाजाचा रोष ओढवून घेतो, याला मोठी छाती लागते.

एक छोटा पण डोकेबाज तोडगा : गांधीजी जिथे राहत, त्या सेवाग्रामचं मूळ नाव शेगाव. बुलढाण्याचं शेगाव आधीच प्रसिद्ध, त्यामुळे गांधीजींचं टपाल तिकडे भरकटायचं. १९४० मध्ये गावाचं नावच बदललं. प्रश्न मिटला!

आणि हा विमा बघा. शेतकऱ्याच्या घरात धान्य असतं, रोकड नसते. मग दवाखान्याचा हप्ता भरणार कसा? सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने हप्ता ज्वारीत घेतला. तोही सुगीच्या दिवसांत, कोठी भरलेली असताना. ज्याची शेती जास्त, त्याची ज्वारी जास्त. भूमिहीनाचा वाटा कमी. एकट्यादुकट्याऐवजी गावानेच सामील व्हायचं, म्हणजे फक्त आजारी माणसंच नावं नोंदवतील ही विम्याची जुनी डोकेदुखी आपोआप टळायची. गावातला आरोग्यसेवक ओळखीचा, पायली मोजली जायची सगळ्यांसमोर. विमा कंपन्यांच्या जाड पुस्तिकांनी इथे धडा घ्यावा.

आता समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावात चला. इथल्या हळदीत रंग देणारं कुरकुमिन भरपूर, पण बाजारात ढिगात मिसळली की ओळखणार कोण? २०१६ मध्ये वायगाव हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे दुसरीकडची हळद त्या नावाने विकायला कायद्याने मनाई. बाजारात गेलात, तर पुडीवर गावाचं नाव बघूनच हळद घ्या.