एक टॅब, चार अर्जदार

परीक्षेचा फॉर्म असो की महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, चंद्रपूर-गडचिरोलीतल्या विद्यार्थ्याला तो ऑनलाइनच भरावा लागतो. टॅब मात्र घरात एखादाच, तोही बहिणीचा नाहीतर शेजारच्या दादाचा. अशा वेळी कुकीज पुसता यायला हव्यात.

कुकी म्हणजे संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखचिठ्ठी. नेटस्केपच्या लू मॉन्टुली यांनी १९९४ मध्ये ही युक्ती काढली. या चिठ्ठीमुळे लॉगिन टिकते. लॉगआउट न करता टॅब पुढच्याला दिला, तर त्याला तुमचा अर्ज उघडा सापडू शकतो.

अँड्रॉइड टॅबवर क्रोममधले तीन ठिपके दाबा, सेटिंग्जमधल्या गोपनीयता व सुरक्षा विभागात ब्राउझिंग डेटा हटवण्याचा पर्याय आहे. कालावधी ‘सर्व वेळ’ निवडा आणि फक्त कुकीजवर खूण ठेवा. साठवलेल्या चित्रांवरची खूण काढाच! गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीकडे रेंज मुळात कमी. ती चित्रे पुसली की प्रत्येक पान नव्याने उतरवत बसावे लागते. आयपॅडवर सफारीचा डेटा सेटिंग्जमधून पुसतात, पण तिथे इतिहास आणि डेटा एकत्र पुसण्याचा पर्याय निवडला तर इतिहासही सोबत जातो.

कुकीज गेल्या तरी भरून जतन केलेला अर्ज जात नाही, तो सर्व्हरवर असतो. पासवर्ड मात्र पुन्हा विचारला जाईल, कदाचित ओटीपीही. तेव्हा नेटवर्क असलेल्या जागीच हे काम करा. क्रोममधले गूगल खाते याने बंद होत नाही, ते वेगळे काढावे लागते. टॅब दुसऱ्याचाच असेल तर माझ्या मते इन्कॉग्निटो खिडकी बरी: तिच्यातले सगळे ब्राउझर-टॅब बंद केले की तिच्यातल्या कुकीज आपोआप जातात.