पाकोळी : पक्षी की वटवाघूळ?

आमच्याकडे संध्याकाळी भिरभिरणाऱ्या इवल्या वटवाघळाला पाकोळी म्हणतात, आणि त्याच वेळी उडणाऱ्या एका पक्ष्यालाही पाकोळीच. त्यामुळे "बाई, पाकोळी अंडी घालते का?" असं मुलांनी विचारलं की आधी "कोणती पाकोळी?" हे विचारावं लागतं.

उडणं नीट बघितलं तर फरक कळतो. पक्ष्याचे पंख ताठ, कोयत्यासारखे बाकदार. चार-सहा वेळा फडफडून तो मध्येच पंख न हलवता तरंगतो. थवा ओरडतही असतो. घराजवळच्या पाकोळीच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा डाग दिसतो. वटवाघूळ मात्र असं तरंगत राहत नाही. सारखी फडफड, आणि किड्यामागे एकदम गिरकी! शिकार करतानाचा त्याचा आवाज २०,००० हर्ट्झच्या वरचा, म्हणून आपल्याला ऐकू येत नाही. अंधारू लागलं की पक्षी परततात आणि वटवाघळं बाहेर पडतात. थोडा वेळ दोन्ही एकत्र दिसतात. मुलांना तेव्हाच गच्चीवर न्यावं.

पण नेमकी जात? इथे पालकांनी (आणि आपणही!) घाई करू नये. पिपिस्ट्रेलस टेन्युइस हे आपल्याकडच्या सर्वांत लहान वटवाघळांपैकी एक. वजन जेमतेम २ ते ३ ग्रॅम, म्हणजे रुपयाच्या जुन्या नाण्याहून हलकं. त्याचा भाऊबंद पिपिस्ट्रेलस कोरोमंड्रा किंचित मोठा. उडताना दोघं सारखीच दिसतात. अभ्यासक हाताच्या पुढच्या हाडाची लांबी मोजतात, दात तपासतात, तेव्हा कुठे ठरतं. वहीत 'लहान, किडे खाणारं वटवाघूळ' एवढं लिहिलं तरी ती नोंद खरी असते.

गेल्या पावसाळ्याआधी वर्गातल्या फळ्यामागे लेंड्या दिसल्या. उंदीर समजून फट सिमेंटने बुजवायचं ठरलं. नाकाला रुमाल लावून मी एक लेंडी काडीने दाबून पाहिली. उंदराची वाळलेली लेंडी कडक असते, हिचा लगेच भुगा झाला आणि त्यात किड्यांचे चमकते तुकडे निघाले. दिवसा फट बुजवली असती तर सगळी आतच मेली असती. ही अंडी घालत नाहीत, पिल्लांना दूध पाजतात. आत पिल्लंही असू शकली असती. मग सिमेंट राहिलं, फळा दुसऱ्या भिंतीवर गेला.

एक मात्र मुलांना ठणकावून सांगा. खाली पडलेल्या वटवाघळाला उघड्या हाताने उचलायचं नाही, कारण रेबीजचा धोका असतो. चावलं किंवा ओरखडलं, तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं.