कललेल्या भिंतीचा कोपरा

वाईच्या ढोल्या गणपतीचं देऊळ मागच्या बाजूनं पाहिलं, की भिंत चौकोनी न राहता माशासारखी निमुळती होत गेलेली दिसते. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देऊळ बांधलं. कृष्णेचा पूर त्या टोकाशी दुभंगावा आणि दोन्ही अंगांनी निघून जावा, म्हणून भिंतीला हा आकार दिला. अशा टोकाजवळ काटकोनात घडलेला दगड बसत नाही. त्याची कड भिंतीच्या कोनाप्रमाणेच तासावी लागते.

आज साताऱ्यात किंवा सांगलीत कुणी तिरकी भिंत आखतो, तेव्हा दगड घडण्याआधी ती संगणकात उभी राहते. रेव्हिट, आर्किकॅड यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये भिंत म्हणजे जमिनीवरची एक रेघ, तिला दिलेली उंची आणि एकापाठोपाठ एक लावलेले थर: आत गाभा, मग प्लास्टर, पाणी अडवणारा थर आणि सर्वांत बाहेर क्लॅडिंग, म्हणजे वरून लावलेला दगड. हे सगळं ओळंब्यात असेल हे सॉफ्टवेअर गृहीतच धरतं. रेव्हिटमध्ये तर कललेली भिंत थेट काढण्याची सोय २०२१च्या आवृत्तीत आली, आणि खाली जाड, वर निमुळती भिंत त्यापुढच्या वर्षी. त्याआधी तिरका ठोकळा तयार करून त्याच्या अंगावर भिंत चिकटवावी लागे.

सोय आली तरी भूमिती सुटत नाही. समजा, भिंत ओळंब्यापासून २० अंश आत कलली आहे आणि तिची सरळ उंची ३ मीटर आहे. कलत्या अंगावरून टेप धरला तर ती ३ मीटर १९ सेंटिमीटर भरते. ३० मीटर लांबीच्या अशा भिंतीचं एलिव्हेशन, म्हणजे समोरून दिसणारं चित्र, कागदावर ९० चौरस मीटर दाखवतं. दगड मात्र जवळपास ९६ चौरस मीटर लागतो. एलिव्हेशनवरून दगड मागवला, तर काम संपत आल्यावर तो कमी पडणार. नंतर मागवलेला दगड त्याच खाणीतला असला, तरी रंगाचा मेळ बसेलच असं नाही.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे कोपरा. जोत्यावर गुण्या लावला तर दोन भिंतींमधला कोन बरोबर ९० अंश येतो. कुठल्याही उंचीवर आडवा छेद घेतला तरी तो ९०च दिसतो, त्यामुळे प्लॅन पाहून फरक कळतच नाही. पण दोन्ही भिंती २० अंश आत कललेल्या असतील, तर त्यांच्या पृष्ठभागांमधला खरा कोन ९६.७ अंश असतो. म्हणजे कोपऱ्यावरच्या फरशीची कड ४५ अंशांत कापून चालत नाही. ४८ अंशांहून थोडी जास्त ठेवावी लागते. शिवाय कोपऱ्याची रेघ फरशीच्या उभ्या कडेला समांतर नसते, ती १८.९ अंश तिरकी जाते. इथे भिंतीचाच २० अंश धरून कापलं, तर ६० सेंटिमीटर उंचीच्या एका फरशीत सेंटिमीटरहून मोठी पाचर मोकळी राहते. दुसऱ्या भिंतीची फरशीही तशीच कापली जाते, म्हणजे फट दुप्पट.

संगणक हे कोन क्षणात काढतो, पण आपण विचारलं तरच. बहुतेक मॉडेलमध्ये क्लॅडिंग हा एक सलग थर असतो आणि दगडांच्या दरजा म्हणजे त्यावर उमटवलेली नुसती नक्षी असते. त्या नक्षीला दगडाची कड माहीत नसते. तो थर खऱ्या मापांच्या तुकड्यांत विभागला, दरजेची रुंदी दिली, की प्रत्येक कोपरादगडाचा स्वतंत्र आकार मिळतो. हे कष्टाचं काम आहे आणि बऱ्याचदा तेच टाळलं जातं.

भिंत बाहेर कलली असेल तर प्रश्न जिवाचा होतो. ३० मिलिमीटर जाडीच्या बेसाल्टच्या फरशीचं वजन दर चौरस मीटरला ८५ किलोच्या आसपास असतं. २० अंश बाहेर झुकलेल्या भिंतीवर त्यातले सुमारे ३० किलो फरशीला भिंतीपासून सुटं करायला ओढत राहतात. ते नुसत्या चिकट मसाल्यावर सोडणं चूक आहे; तिथे स्टेनलेस स्टीलचे क्लॅम्प हवेतच. ते कुठे येतील, हेही मॉडेलमध्ये आधी ठरलं पाहिजे.

शिवाय सातारा-सांगलीचा हा भाग भूकंपाचा आहे. ११ डिसेंबर १९६७च्या कोयना भूकंपात पाटण तालुक्यातल्या १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाला तडे गेले, आणि त्यांची जागा बोलकी होती. धरणाच्या खालच्या अंगाचा उतार पायापासून सुमारे ६६ मीटरवर एकदम बदलतो. तडे त्याच पातळीच्या आसपास, पुढच्या-मागच्या दोन्ही अंगांना होते. बर्कलीच्या अनिल चोप्रा आणि चक्रवर्ती यांनी १९७३मध्ये धरणाच्या छेदाचे लहान घटक पाडून संगणकावर गणित केलं, तेव्हा ताण तिथेच साठत असल्याचं दिसलं. कोयनेचा तो छेद आजही जगभर धरणांच्या संगणकीय चाचण्यांसाठी वापरला जातो. घराची भिंत धरणाएवढी नसते, पण जिथे कोन बदलतो तिथे सलग क्लॅडिंग करू नये, लवचीक सीलंटची फट ठेवावी.

सांगलीकरांनी मॉडेलमध्ये आणखी एक आडवी पातळी घालावी, पुराची. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट मानतात. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. हे आकडे पुलाच्या मोजपट्टीवरचे आहेत, आपल्या अंगणापासूनचे नाहीत, म्हणून ते समुद्रसपाटीच्या उंचीत बदलून घ्यावे लागतात. तसं केलं, की दगडाचा कितवा थर पाण्याखाली जाईल ते मॉडेलवरच दिसतं. फक्त उंची ओळंब्यात मोजायची, कलत्या अंगावरून नाही.

तिरक्या भिंतीला दगड लावायचं ठरलं असेल, तर मागणी नोंदवण्यापूर्वी वास्तुविशारदाकडून दोन गोष्टी मागून घ्या: कलत्या अंगावरचं खरं क्षेत्रफळ आणि कोपऱ्यावरच्या एका फरशीचा पूर्ण मापांचा नकाशा. तो नकाशा कारागिराच्या हाती द्या आणि पहिले दोन कोपरादगड जागेवर जुळवून पाहिल्याशिवाय बाकीचे कापू देऊ नका.